बंद झालेल्या औषधाचे अकरा आकडे

१

राज्याच्या आरोग्य विमा योजनेचं पत्र आलं तेव्हा व्हर्ना पेनहेल दुपारची पेस्टी खात होती, आणि पेस्टी खाताना ती टपाल उघडत नसे. तिच्या या नियमामुळे उत्तर मिशिगनमधल्या ओटर लँडिंग गावाच्या छोट्याशा इस्पितळाला आणखी थोडा वेळ सुखाचा मिळाला.

शेवटचा तुकडा संपवून, हात पुसून तिनं पाकीट फोडलं. पहिला परिच्छेद वाचला आणि ती खुर्चीत ताठ बसली.

व्हर्ना विम्याच्या दाव्यांचा विभाग सांभाळायची. रुग्ण सकाळी येतो, सलाईन लावून घेतो, दुपारी घरी जातो. त्याचा दावा पाठवताना नुसतं औषधाचं नाव चालत नाही. त्या बाटलीचा अकरा आकडी कोड द्यावा लागतो. पहिले आकडे कंपनीचे, मधले औषधाचे, शेवटचे खोक्याचे. बाटली कोणाची हे कळलं की राज्य त्या कंपनीच्या मानेवर बसून थोडे पैसे परत मिळवतं. म्हणून कोडाच्या बाबतीत राज्याची नजर घारीची असते.

पत्रात लिहिलं होतं की, नोव्हेंबरच्या मध्यापासून संधिवाताच्या सलाईनचे काही दावे अशा कोडानं आले आहेत, ज्या कोडाचं खोकं कंपनीनं सात वर्षांपूर्वीच बंद केलं. शेवटच्या बाटलीची मुदतही केव्हाच संपली. खाली एकच प्रश्न होता: आपण रुग्णांना नेमकं काय दिलं?

इस्पितळाचा प्रमुख ब्रॅडफर्ड हॅस्केल हा पुलापलीकडचा, दक्षिण मिशिगनचा माणूस. इथली थंडी आणि इथली माणसं, दोन्ही त्याच्या अजून अंगवळणी पडली नव्हती. पत्र वाचून तो पांढरा पडला.

"सरळ आहे," तो म्हणाला. "कुणीतरी मुदत संपलेलं औषध टोचतंय आणि नव्या बाटल्या बाहेर विकतंय. सलाईनच्या खोलीत नर्स एकच आहे. आयली कांगास. शुक्रवारी तिच्या हातात निलंबनाचं पत्र देतो आणि खोलीला कुलूप लावतो."

"आणि पेशंट?"

"मोठ्या इस्पितळात जातील."

"तळ्याकाठच्या रस्त्यानं, जानेवारीत? आखडलेल्या बोटांनी गाडी हाकत? ब्रॅडफर्ड, त्यातले निम्मे घरीच बसतील आणि कुरकुरत आखडत जातील. मला शुक्रवारपर्यंत शोधू दे."

"तू? तू तर आयलीशी बोलतसुद्धा नाहीस."

"म्हणूनच मी. मी तिची बाजू घेतली असं कुणाच्या बापाला म्हणता येणार नाही."

हे खरं होतं. तीन वर्षांपूर्वी चर्चच्या उन्हाळी विक्रीत आयलीनं पेस्टीत गाजर घातलं. पेस्टी म्हणजे मांस, बटाटा, कांदा आणि पिवळा सलगम भरलेली, मुरड घातलेली थोरली करंजीच. व्हर्नाचे पणजोबा तांब्याच्या खाणीत कामाला कॉर्नवॉलहून आले ते ही करंजी खिशात घेऊनच, आणि त्यात गाजर नव्हतं. आयलीचे फिनलंडहून आलेले पूर्वज मात्र गाजर घालत. व्हर्नानं भर मांडवात माइकवर सांगितलं की ही पेस्टी नव्हे, हे सशाचं जेवण आहे. त्या दिवसापासून दोघींची बोलाचाली बंद होती.

तरीसुद्धा आयली चोर असेल हे व्हर्नाला पटेना. जी बाई गाजर घालते ती हट्टी असते, एककल्ली असते; पण गाजर लपवत नाही, हेही तितकंच खरं. चोरी करणारा माणूस लपवतो.

२

ती आधी औषधांच्या खोलीत गेली. फार्मासिस्ट ड्युई ट्रूडेल हा गोल चेहऱ्याचा, हसरा, आणि खोटं बोलताना कानाच्या पाळ्या लाल होणारा गडी. गावात त्याच्याशी पत्ते खेळायला सगळे एका पायावर तयार असत.

"जेवढ्या बाटल्या आल्या तेवढ्याच बाहेर गेल्या," तो म्हणाला. "आणि रिकाम्या परत येतात, त्याही जुळतात. कोणत्या बॅचमधली बाटली कोणाला गेली तेसुद्धा सांगतो. सगळ्या नव्या कंपनीच्या."

त्याच्या पाळ्या गोऱ्या होत्या. व्हर्नानं मनात खूण केली.

"मग जुना कोड माझ्याकडे आला कुठून? कुणी हातानं लिहिला?"

"हातानं कुणीच लिहीत नाही गं. त्या खुर्चीपाशी स्टँडवर तो स्कॅनर असतो ना, लाल डोळ्याचा? आयली पेशंटच्या मनगटावरची पट्टी त्याच्यासमोर धरते, मग बाटली धरते. तो टूं करतो. आकडे आपोआप तुझ्याकडे. त्याला बटण दाबावं लागत नाही, समोर येईल ते वाचतो."

"आणि औषध चुकीचं असलं तर?"

"तर बोंब मारतो. पण जुनं खोकं काय, नवं काय, आत औषध तेच. जुना कोड आपल्या संगणकातून कुणी काढलाच नाही, त्यामुळे त्याला चालतं. राज्याला चालत नाही."

"म्हणजे त्या डोळ्यानं जुनं काहीतरी पाहिलंय. तुझ्याकडे जुनी बाटली एकही नाही?"

"नाही."

"बरं. फ्रीज उघड."

ड्युई फ्रीजपुढे जाऊन उभा राहिला. "किल्ली हरवलीये."

किल्ली त्याच्या गळ्यातल्या दोरीला लटकत होती, आणि त्याच्या दोन्ही कानांच्या पाळ्या भाजलेल्या बिटासारख्या लाल झाल्या होत्या.

३

"ड्युई," व्हर्ना हळू आवाजात म्हणाली, "मी तुझ्या आईला ओळखते."

त्यानं फ्रीज उघडला. औषधांच्या खोक्यांमागे वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक लांबट बोचकं होतं. व्हर्नानं श्वास रोखून ते सोडलं. आत हरणाच्या मांसाचे सॉसेज होते, ताजे, लसणाचा घमघमाट सुटलेले.

ड्युई खाली मान घालून बोलू लागला. "शिकारीचा हंगाम सुरू झाला त्या दिवशी मी फ्लू झाला म्हणून रजा टाकली. हॅस्केलनं मला घरी चिकन सूप पाठवलं गं. स्वतः केलेलं. आता माझ्या घरी आठ फाट्यांच्या शिंगांचं हरीण आहे आणि ते मी कुणाला दाखवू शकत नाही. त्याचे सॉसेज घरी ठेवले तर बायको शेजारीपाजारी वाटत सुटेल."

"औषधाच्या फ्रीजमध्ये सॉसेज ठेवणाऱ्याला फाशी द्यायला पाहिजे," व्हर्ना म्हणाली. "आजच्या आज घरी ने. त्यातले दोन माझे."

फ्रीजमध्ये जुनी बाटली नव्हती. एक संशयित कमी झाला, आणि उरलेल्या एकीशी बोलायचं म्हणजे तीन वर्षांचं मौन मोडायचं.

सलाईनच्या खोलीच्या दारात ती जरा घुटमळली. खोली उबदार होती. आडवा एक वासा एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत बांधला होता, आणि त्यावर कागदी हरणं टांगली होती. नोव्हेंबरात गावच्या चौकात असाच वासा उभारतात आणि शिकारी आपापली हरणं त्यावर टांगून मिरवतात. ज्यांना सांध्यांमुळे रानात जाता येत नाही, त्यांच्यासाठी आयलीनं इथे वासा बांधला. ज्याचा त्रास कमी झाला त्यानं आपल्या हातानं एक हरीण कापायचं आणि टांगायचं. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याची, बिअरच्या पुठ्ठ्याची, नाना रंगांची हरणं तिथे लोंबत होती.

कोपऱ्यातल्या खुर्चीत उरहो कोस्किला सलाईन लावून बसला होता. जन्मभर मासेमारी केलेला म्हातारा. बोलायला लागला की थांबायचं विसरायचा. आयली त्याच्या नळीकडे बघत होती. व्हर्नाला पाहून तिनं तोंड फिरवलं.

"उरहो," व्हर्ना म्हणाली, "तिला विचार, बाटली देताना ती काय काय करते."

उरहोचे डोळे चमकले. इतकी करमणूक त्याला कित्येक दिवसांत मिळाली नव्हती. "आयली, ही विचारतेय की..."

"मला ऐकू येतं. तिला सांग, बाटलीवरचं नाव आणि मुदत मी दर वेळी मोठ्यानं वाचते. पेशंटला ऐकू जाईल असं. विचार कुणालाही."

"वाचते हं," उरहो म्हणाला. "अगदी चर्चमध्ये वाचल्यासारखं."

"तिला विचार, स्कॅनर नीट चालतो का?"

"सांग तिला, यंदा जरा जास्तच उत्साही झालाय. मी बाटली उचलायच्या आधीच टूं करतो कधी कधी. आणि दुसऱ्या औषधाचा पेशंट या खुर्चीत बसवला की मी हात लावला नसताना 'चुकीचं औषध' म्हणून बोंबलतो. म्हणून मी त्यांना खिडकीशी बसवते. इथे फक्त संधिवातवाले."

"अख्खी खोली सोडून म्हाताऱ्यांना या कोपऱ्यात का, ते विचार."

"मला विचार ना," उरहो म्हणाला. "वर गरम हवेचं तोंड आहे. बोटं लवकर सुटतात. आणि माझं हरीण इथंच आहे. ते बघ, सगळ्यात लहान, पण शिंगं बघ त्याची. गळाच्या तारेची आहेत. मला हात वर नेता येत नाही, म्हणून लांब दोरी लावून खाली टांगलंय. गॅरेजात माझी गळांची डबी होती, नशिबाची डबी, तीच कापली."

लालभडक रंगवलेलं ते इवलंसं हरीण दोरीवर स्थिर लोंबत होतं. व्हर्नानं मान डोलावली. तेवढ्यात दारात हॅस्केल आला. त्याच्या हातात पाकीट होतं.

"पत्र तयार आहे," तो म्हणाला. "उद्या शुक्रवार."

आयलीनं पाकिटाकडे पाहिलं. मग हातातली पट्टी गुंडाळत राहिली. गुंडाळून झालेली पट्टी तिनं उलगडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

४

शुक्रवारी सकाळी व्हर्नाची गाडी सुरू झाली नाही. शेजाऱ्यानं ट्रकला बांधून ती इस्पितळापर्यंत ओढत आणली. अशा थंडीत गाडीला दोष देऊन उपयोग नसतो. माणूससुद्धा दोन हाका मारल्याशिवाय उठत नाही.

टेबलावर परत आलेले दावे पसरून ती कोट न काढताच बसली. कुठूनच धागा सापडेना. आयलीनं ज्या दिवशी जुनं औषध दिलं म्हणतात, त्याच्या आदल्या दिवशी तिनंच नवं दिलं होतं, आणि दुसऱ्या दिवशीही. हा कसला चोर, जो मनात आलं तर चोरतो, नाही तर नाही?

ती एकेक तारीख बघत गेली. ही तर तीच, जेव्हा चर्चचे नळ गोठले आणि पाद्रीबाबांनी बर्फ वितळवून कॉफी केली. ही दुसरी, तेव्हा शाळेला सुट्टी दिली होती. ही तिसरी... त्या दिवशी तिची गाडी आजच्यासारखीच रुसली होती.

व्हर्ना थांबली. मग तिनं सगळ्या तारखा पुन्हा पाहिल्या. एकही दिवस जरा उबेचा नव्हता. जुनं औषध फक्त कडाक्याच्या थंडीत बाहेर पडत होतं.

"चोर काय थंडी बघून चोरी करतो?" ती स्वतःशीच म्हणाली.

तितक्यात छतातल्या पंख्यानं जोर धरला. थंडी वाढली की तो असाच घरघरायला लागायचा. गरम हवेचा झोत खाली आला आणि भिंतीवरचं कॅलेंडर हळूच उलटं फिरलं. चित्र गेलं, मागची कोरी बाजू दिसू लागली.

व्हर्ना त्या कॅलेंडरकडे बघत राहिली. मग कोट अंगावर तसाच ठेवून ती धावत सुटली. तिला धावताना पाहिलेलं त्या इस्पितळात कुणाला आठवत नव्हतं.

५

सलाईनच्या खोलीत सगळे जमले तेव्हा उरहो कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता. कालची सलाईन झाल्यावर आज त्याला नुसतं दाखवायला यायचं होतं, पण तमाशा चुकवायचा नाही म्हणून तो सकाळीच आला होता. हॅस्केल पाकीट घेऊन उभा होता. ड्युईच्या हातात व्हर्नानं मागवलेली एक नवी, सीलबंद बाटली होती.

"ही त्याच्या नावे पुढच्या खेपेची," ड्युई म्हणाला. "उघडायची नाही."

"कुणी उघडत नाही. उरहोची पट्टी स्कॅनरला दाखवा."

उरहोनं मनगट पुढे केलं. टूं झालं, शेजारच्या संगणकाच्या पडद्यावर त्याचं नाव आलं.

मग व्हर्ना वळली. "आयली," ती म्हणाली, "आता दोन्ही हात खिशात घाल."

तीन वर्षांतले ते पहिले शब्द होते.

"मला सांगायचं ना," उरहो जरा नाराजीनं म्हणाला, "मी सांगितलं असतं."

आयलीनं हात खिशात घातले. व्हर्नानं भिंतीवरचा उष्णतेचा खटका वर ढकलला. छतात घरघर सुरू झाली. गरम हवा खाली आली आणि वाशावरची सगळी हरणं हलायला लागली. कॉर्नफ्लेक्सचं हरीण डुललं, बिअरचं हरीण शेजाऱ्याला धडकलं. उरहोचं इवलंसं लाल हरीण आपल्या लांब दोरीवर सावकाश फिरलं. त्याची मागची, न रंगवलेली बाजू लाल डोळ्यासमोर आली. तिथे पोटावर काळ्या रेघांची बारीक पट्टी छापलेली होती.

टूं.

पडद्यावर अक्षरं उमटली. औषध दिलं. खाली अकरा आकडे. ड्युईच्या हातातली बाटली अजून सीलबंदच होती.

हॅस्केलनं बाटलीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, मग हरणाकडे. "म्हणजे हरणानं..."

"हरणानं," व्हर्ना म्हणाली. "उरहो, तुझी ती गळांची डबी मुळात कशाची होती?"

उरहो हरणाकडे एकटक बघत होता. "माझ्या पहिल्या सलाईनच्या बाटलीचं खोकं. याच खुर्चीत लावली होती. त्याआधी माझी मूठ उघडत नव्हती. त्या संध्याकाळी मी गळाला गाठ मारली. असलं खोकं कोण फेकून देतं? त्यात गळ ठेवले. यंदा म्हटलं, वाशावर टांगावं तर तेच."

"ते खोकं कंपनीनं नंतर बंद केलं. पण याच्या गॅरेजात बंद झालं नाही," व्हर्ना म्हणाली. "यानं हात पोचेना म्हणून हरीण खाली टांगलं, नेमकं स्कॅनरसमोर. दर्शनी बाजू रंगवलेली. एरवी ते गुमान लोंबतं. कडाक्याच्या थंडीत पंखा जोर करतो, तेव्हा फिरतं आणि पोट दाखवतं. औषध तेच, म्हणून संगणक गप्प बसतो. दुसऱ्या औषधाचा पेशंट असला तर बोंब मारतो. रुग्णांना गेल्या त्या सगळ्या नव्याच बाटल्या. ड्युई त्यांचे खरे कोड देईल, मी दावे दुरुस्त करून पाठवते."

उरहोचा चेहरा उतरला होता. "म्हणजे आयलीची नोकरी माझ्यामुळे जात होती?"

"हरणामुळे," आयली म्हणाली. ती हसत होती आणि तिचे डोळे भरले होते. "आणि थोडी माझ्यामुळे. टूं ऐकू आलं की पडद्यावरचे आकडे बघायला पाहिजेत. मी बाटली वाचत राहिले, पडदा नाही वाचला."

"ते तर आहेच," व्हर्ना म्हणाली. मैत्रीसाठी चूक पोटात घालणाऱ्यांतली ती नव्हती. "पुढे वाचशील."

हॅस्केलनं रुमालानं कपाळ पुसलं. त्याला इतकं हलकं वाटलं की तो खुर्चीतच बसला. मग त्याला अधिकाराची आठवण झाली. "बरं. आता ही सगळी हरणं खाली काढा."

कुणी हललं नाही.

"शिकार वाशावर टांगली की हंगाम संपेपर्यंत उतरवत नाहीत," उरहो म्हणाला.

"हंगाम नोव्हेंबरातच संपला ना?"

"तुमचा संपला. आमचा चालू आहे."

हॅस्केलनं त्या म्हाताऱ्याच्या गाठाळलेल्या बोटांकडे पाहिलं. नंतर वाशाकडे. कदाचित त्या क्षणी तो थोडासा इथला झाला असावा, कारण तो म्हणाला, "मग निदान त्याच्या पोटाला रंग लावा. आणि स्कॅनर पलीकडे हलवा."

"रंग आहे," उरहो म्हणाला. "आणि ते तुझ्या हातातलं पाकीट लागणार आहे का?"

हॅस्केलनं हातातल्या निलंबनाच्या पत्राकडे असं पाहिलं, जणू ते कुणीतरी दुसऱ्यानं त्याला दिलं होतं. "नाही."

"मग दे इकडे. कागद जाड दिसतोय. मोठं हरीण होईल."

ड्युईनं आनंदाच्या भरात सगळ्यांना सॉसेज देऊ केले. हॅस्केलनं विचारलं, हरीण कुणी मारलं? ड्युईच्या पाळ्या पुन्हा लाल व्हायला लागल्या तशी व्हर्ना म्हणाली, "त्याच्या भावानं." ड्युईला भाऊ नव्हता, पण हॅस्केलला इथली घराणी अजून पाठ झाली नव्हती.

दुपारी व्हर्ना आपल्या टेबलाशी आली तर तिथे कापडात गुंडाळलेली एक गरम पेस्टी ठेवलेली होती. खाणकामगारांच्या बायका करत तशी कोपऱ्यात सुरीनं अक्षरं कोरलेली होती, व्हर्नाच्या नावाची. दारात आयली उभी होती. हात अजून खिशात.

"गाजर आहे," ती म्हणाली.

"वासावरून कळलं."

"नको असेल तर परत दे."

व्हर्नानं पेस्टी उचलली आणि एक मोठा घास घेतला. ती बराच वेळ चावत राहिली. आयली तिच्या जबड्याकडे बघत होती.

"तीन वर्षं," व्हर्ना शेवटी म्हणाली. "तीन वर्षं मी हे खाल्लं नाही."

"मग? कसं झालंय?"

"बस आधी. दारात उभं राहून काय विचारतेस?"

आयली समोरच्या खुर्चीत बसली. व्हर्नानं पेस्टी मधोमध मोडली आणि मोठा तुकडा तिच्यापुढे सरकवला. टपालवाला येऊन ताजी पत्रं टेबलावर ठेवून गेला. सगळ्यात वर राज्याच्या विमा योजनेचं आणखी एक पाकीट होतं.

त्याला कुणी हात लावला नाही. पेस्टी अजून संपायची होती.